नर्मदाकाकूंचा घास

लाडकीच्या हातचं खाऊन आजारी माणूस उठून बसतो आणि वर ढेकरही देतो, असं तिच्या वेवजी गावच्या बाया तिला चिडवत. सरावलीजवळच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवायचं काम तिचं, आणि या कौतुकाने ती थोडी फुगलेलीही होती. त्यामुळे २०१८च्या हिवाळ्यात नर्मदाकाकूंना तिच्या हातच्या पेजेचा ठसका लागू लागला, तेव्हा तिचा जीव अर्धा झाला.

काकू मोठ्या बागायती वाडीवाल्या घरच्या. अर्धांगवायूने डावी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण तोरा तोच. दोनदा छाती भरून ताप आला. शेवटी त्यांचा मुलगा जतीन म्हणाला, सोमवारी नाकातून नळी घालू, आता तोंडाने काही नको. ते ऐकून काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

लाडकी हट्टाला पेटली. आजाऱ्याला पातळ द्यायचं, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं. ठसका वाढला तशी ती पेजेत पाणी वाढवत गेली. वाटीत शीत सापडलं तर शपथ!

नळी घालण्याआधी गिळणं तपासून घ्या, असं आश्रमाच्या डॉक्टरांनी सुचवलं. गिळण्याच्या तज्ज्ञ मयुरा मॅडम मुंबईत, त्या व्हिडिओ कॉलवर बघणार होत्या. मोबाईलवरून घशातलं काय दिसणार कपाळ, असं लाडकीला वाटलं.

मॅडमनी काकूंना खुर्चीत ताठ बसवायला सांगितलं. जतीनने मोबाईल मानेच्या बाजूने धरला. मग मॅडमनी लाडकीला दोन बोटं काकूंच्या घशाच्या हाडावर हलकेच ठेवायला सांगितली आणि चमचाभर पाणी द्यायला लावलं. हाड जागचं हलण्याआधीच ठसका लागला. मग काकूंना 'आ' म्हणायला लावलं, तर आवाज पाण्यात बुडबुडे आल्यासारखा.

"पातळ पदार्थ पळतो, लाडकीताई," मॅडम म्हणाल्या, "आणि काकूंचा घसा उशिरा हलतो. तोवर ते श्वासाच्या नळीत जातं."

 पेज मीच पातळ करत होते, असं लाडकीने सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत; बहुतेक घरांत हेच करतात, म्हणाल्या, आता काहीतरी घट्ट आणा.

तिने नागलीची, म्हणजे नाचणीची, आंबील गाळून आटवली. मॅडमनी सांगितलं तसा अर्धा चमचा उजव्या गालाकडे ठेवला, काकूंची हनुवटी जराशी खाली घेतली आणि वाट पाहिली. बोटांखाली ते हाड हळूच वर चढलं, क्षणभर थांबलं आणि खाली उतरलं. ठसका नाही. "आ" स्वच्छ निघाला.

लाडकीच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर घास भरवले, पण घास तोंडात गेला की आपलं काम संपलं, एवढंच तिला ठाऊक. पुढे आत एक वाट मिटते, दुसरी उघडते, आणि हा कारभार माणूस झोपेतसुद्धा बिनबोभाट करतो, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि मुंबईत बसलेल्या बाईला ते मानेच्या कातडीवरून दिसलं होतं!

आणखी चारपाच चमचे बघून मॅडम म्हणाल्या, नळी सध्या थांबवू, मी रोज बघेन. जतीनचा विश्वास बसेना. नक्की चालेल ना, त्याने पुन्हा विचारलं.

उत्तर काकूंनीच दिलं.

"आजून दे, बाय. भूक लागलीय."

लाडकीने चमचा भरला. जतीनने मोबाईल तिच्याकडे दिला, चमचा आपल्या हातात घेतला आणि आईची हनुवटी खाली यायची वाट बघत बसला.