विकतची चकती

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या आमच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी निधी देणारे पाहुणे आले होते. टेबलावर द्रव नायट्रोजनमध्ये एक काळी चकती बुडवली होती आणि तिच्यावर छोटं चुंबक अधांतरी तरंगत होतं. आमचे सर म्हणाले, "ही आमची अतिवाहक फिल्म. वीज हिच्यातून विनाअडथळा वाहते."

धादांत खोटं! ती चकती विकत आणलेली होती. मी बनवलेली फिल्म, केसाहूनही पातळ, शेजारच्या थर चढवायच्या स्पटरिंग यंत्रात ऑक्सिजनमध्ये हळूहळू थंड होत होती. घाईने बाहेर काढली, तर नुसता काळा थर उरतो. ती जमली की नाही, हे मलाही अजून माहीत नव्हतं.

मी तोंड उघडताच सर हसतहसत मराठीत म्हणाले, "गप्प बस. रस्त्यात पत्रकं वाटणाऱ्या बापाची पोर ना तू! आपल्या माणसाची अब्रू घालवलीस, तर पीएचडी विसर."

पाहुण्यांना मराठी येत नव्हतं, बाकीच्या विद्यार्थ्यांनाही नाही. त्याच भरवशावर हा माणूस मला चारचौघांत हसऱ्या तोंडाने धमकावत आला होता. आपली भाषा म्हणजे त्याच्यासाठी निव्वळ आडोसा.

मी उत्तर सगळ्यांना कळेल अशा बंगालीत दिलं, मोठ्याने. चकती कुठून आली ते सांगितलं. मग सर आत्ता काय म्हणाले, तेही शब्दशः सांगितलं.

सर पहिल्यांदाच माझ्याशी इंग्रजीत बोलले, "गेट आउट."

मी यंत्राशेजारी स्टूल ओढून बसले. फिल्म अजून गरम होती.