आकाशयानातल्या पाहुण्यांचा शत्रू

कुणाच्या घरात कुणाचा हुकूम चालावा, याचा शेवटचा निकाल देण्याचा अधिकार आपल्याकडेच आहे, अशी आमच्या बॉयलरवाल्या अप्पांची ठाम समजूत होती. आणि माझ्या घरात हुकूम चालायचा तो अप्पांचा.

पिंपरीतला आमचा कारखाना तेव्हा नवा होता. कुंपणापलीकडे ज्वारी डोलायची आणि कामगारांच्या अख्ख्या चाळीत रेडिओ होता एकट्या माझ्याकडे. दर गुरुवारी संध्याकाळी त्यावर एका आकाशयानाची श्रुतिका लागे. यान ताऱ्यांमधून भटके आणि दर आठवड्याला कुणीतरी नवा पाहुणा त्यावर चढे. कधी मंगळावरची राणी, कधी एखादा तिरसट शास्त्रज्ञ, कधी पृथ्वीवरून आलेला बडा अंमलदार. पाच मिनिटांत तो कप्तानाला हुकूम सोडू लागे, आणि इकडे अप्पांचा पारा चढे. "यान कप्तानाचं. मंग ही बया कोन सांगनार, डावीकडं वळवा म्हनून?" पॅकिंगमधल्या रत्नागिरीच्या गड्याचे म्हणणे, पाहुणा शहाणा असेल तर ऐकायला काय हरकत आहे? झाले! चाळीत दोन तट पडले. नळावर, कँटीनमध्ये, सायकली हातात धरून हाच वाद, थेट पुढच्या गुरुवारपर्यंत.

पाहुण्यांचा इतका तिटकारा असलेला हा गृहस्थ माझ्याकडे पाहुणा म्हणून कसा वागे, ते ऐका. अर्धा तास आधी, दार न वाजवता आत. घरातल्या एकुलत्या एक खुर्चीत बैठक. मग खिशातून खडू काढून रेडिओसमोर फरशीवर रेघ मारायची आणि ती ओलांडून कुणाला पुढे येऊ द्यायचे नाही. बॉयलरखान्यातही त्यांची अशीच रेघ होती, खुद्द मॅनेजरसाहेबांना त्यांनी तिच्यामागे उभे केले होते. आवाज किती ठेवायचा ते अप्पा ठरवत. "वैनी, आज च्यात आलं जरा जास्त," हेही तेच सांगत, आणि आमची ही माझे सोडून त्यांचे ऐके. एकदा न राहवून मी म्हणालो, "अप्पा, घर माझं आहे हो!" "व्हय की. मी कुठं न्हाई म्हनतो? जरा सरका."

कहर केला तो पत्राने. माझ्या मानगुटीवर बसून त्यांनी ते लिहून घेतले, आणि तेही लेखकाला नव्हे, रेडिओ केंद्राला नव्हे, तर साक्षात कप्तानाला. "कप्तानसाहेबांस नमस्कार. पाव्हन्याला च्या पाजा, पन यंत्राजवळ फिरकू देऊ नका." मी डोके फोडून सांगितले की कप्तान खरा नसतो. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. उत्तर आले नाही, त्याचे खापर माझ्या अक्षरावर फुटले.

त्याच सुमारास मुंबईचा एक तरुण इंजिनिअर आठ दिवस नुसता बघायला म्हणून बॉयलरखान्यात आला आणि तिथेच राहिला. कारखान्याची पहिली वाफ अप्पांच्या हातून निघाली होती, भट्टीच्या आवाजावरून ते बिघाड सांगत. पण सर्टिफिकेट होते ते इंजिनिअरकडे. अप्पा गुरुवारी जास्तच तावातावाने भांडू लागले. मला त्यांचा इतका वैताग आला होता की ते नेमके कुणाशी भांडताहेत, हे माझ्या ध्यानातच आले नाही. एका बुधवारी नोटीस लागली. बॉयलर इंजिनिअरकडे, अप्पांची बदली गोदामात.

दुसऱ्या दिवशी ते आले ते श्रुतिका सुरू झाल्यावर, आणि उंबऱ्याशीच बसले. नेमके त्या दिवशी एका पाहुण्या अंमलदाराने कप्तानाला बाजूला करून यान ताब्यात घेतले. खोलीत एकच गलका झाला. मग सगळे अप्पांकडे पाहू लागले. अप्पा नखाने उंबरा खरवडत बसले. रत्नागिरीचा गडीसुद्धा म्हणाला, "अप्पानूं, बोला की कायतरी!"

मला राहवेना. "अहो अप्पा, हे चुकीचं आहे की नाही? सांगा ना!"

ते खाली बघत हळूच म्हणाले, "मला काय इचारता, भाऊसाहेब? रेडिओ तुमचा हाय."

हे एक वाक्य ऐकायला मी वर्षभर आसुसलो होतो. ऐकले, आणि उठून खुर्ची उंबऱ्याशी नेऊन ठेवली.