रेडमधला मंगेश

मंगेश आज सकाळी गेला. सव्वीस वर्षांचा होता.

त्याचं एक नुकसान मी केलं होतं. ते आता भरून देता येणार नाही.

"गेमच तर होता" असं ज्यांना वाटेल, त्यांनी इथेच थांबावं. आज वाद घालायची ताकद नाही.

बोळिंजला आमची बिल्डिंग एकच. तो दुसऱ्या मजल्यावर, मी चौथ्या. रविवारी दुपारी लोडशेडिंग नसेल तर दोघं आपापल्या घरून ऑनलाइन यायचो. चाळीस जणांची टीम, गावोगावची पोरं, कोणी कोणाला पाहिलेलं नाही. सगळ्यांनी मिळून एका राक्षसाला पाडायचं. त्याला रेड म्हणतात. आम्ही दोघं लांब उभं राहून मंत्रांनी मारणारे.

लढाई संपली की मीटर दिसायचा. कोणी किती डॅमेज केलं, म्हणजे राक्षसाला किती मारलं, त्याची उतरती यादी.

मंगेश तिसरा. मी, सभांत भाषणं ठोकणारा, एकतिसावा.

"भाषण करतोस तसाच खेळतोस," तो हेडफोनवर ओरडायचा. "मंत्र अर्धा झाला की पळतोस. मंत्र वाया! उभा राहा ना एका जागी!"

"अरे, आग येतेय अंगावर!"

"येऊ दे. पोचेपर्यंत एक मंत्र बसतो. आणि पहिला सुटायच्या आत दुसऱ्याची कळ दाब. मध्ये टाळ्यांसाठी थांबू नकोस, साहेब!"

महिन्याभरात मी अकरावा आलो.

मंगेशचे स्नायू हळूहळू निकामी होत होते. औषध नव्हतं. पाय आधीच गेले होते, तो व्हीलचेअरवरून खेळायचा. टीममध्ये कोणालाच माहीत नव्हतं. मला त्याने बजावलं होतं, "तिथे बोलायचं नाही."

मग बोटं जायला लागली.

त्याने वही काढली. कुठला मंत्र कशानंतर, कुठला टाळला तर चालतो, सगळं लिहून काढलं. बारा कळांच्या सात केल्या. साताच्या चार.

चार कळांवर तो परत तिसरा आला. मी लढ्यांची पुस्तकं ढिगाने वाचलीत. असा लढा त्यांत वाचला नाही.

पण बोटं थांबली नाहीत. तिसऱ्याचा चोविसावा झाला.

आमचा लीडर नागपूरचा. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "मंगेशभाऊ, पुढच्या वेळी बाहेर बसा. डॅमेज येऊन नाही राहिलं तुमचं."

"एक रविवार दे," मंगेश म्हणाला. "नवीन क्रम बसवतोय."

त्याने फक्त एक रविवार मागितला होता.

मी माइक चालू केला. माणुसकीवर बोललो, लाज काढली, आणि त्या भरात सांगून टाकलं. आजार, व्हीलचेअर, बोटं. सगळं.



मग लीडरचा आवाज आला, रडवेला. "सॉरी भाऊ. तुम्ही कायम टीममध्ये. काहीच नाही केलं तरी चालते."

मी जिंकलो होतो. जिने उतरत धावत त्याच्याकडे गेलो.

त्याने स्क्रीनवरून नजर काढली नाही.

"काहीच नाही केलं तरी चालतं. ऐकलंस?"

"मंग्या, अरे मी तुझ्यासाठी..."

"लोक मला शिव्या घालतील अशी एकच जागा होती रे."

पुढच्या रविवारी तो आला. नवीन क्रम बसला होता. दोन बोटांवर, चाळीस जणांत नववा!

लीडर म्हणाला, "वा भाऊ! तुमच्या मानाने खूप झालं."

मंगेशने "थँक्यू" टाइप केलं आणि बाहेर पडला. परत कधी आला नाही.

मी म्हटलं, दुसरी टीम शोधू, दुसरं नाव घेऊ. तो म्हणाला, "आता पहिल्यापासून सुरू करायला हात उरले नाहीत."

खरंच उरले नव्हते. नंतर माउस सुटला, मग चमचा. त्याची आई, आमच्या काकू, भरवायच्या आणि मी समोर बसून पाहायचो. मला बोलता येतं, एवढंच येतं. त्या खोलीत ते कशाच्याही उपयोगाचं नव्हतं.

त्याने मला कधी सुनावलं नाही. सुनावलं असतं तर बरं झालं असतं.

टीममधले बरेच जण ही पोस्ट वाचतील. "बिचारा" लिहू नका. तो आपल्या एकतीस जणांपेक्षा चांगला खेळला होता, तेवढं लिहा.

मंगेश, माझं चुकलं.

येतो म्हणायचास ना जाताना? आज तेही राहिलं. नीट जा, मित्रा.