पाणी वाचवणारं मडकं

हापूसचं कलम मारायला फार अक्कल लागत नाही. मी दोन मारली होती, आणि दोन्ही सासऱ्यांनी दिलेली.

सासरे पालीचे. त्यांची बाग मोठी, आणि स्मरणशक्ती तिच्याहून मोठी. तिसरं कलम माझ्या हातात ठेवताना ते म्हणाले, "आंजर्ल्याच्या तुमच्या साडवांची सगळी कलमं डोलतायत हो. हे शेवटचं. पावसाआधी येऊन बघीन. गेलं तर पुन्हा मागू नका."

त्या दिवशी मी निश्चय केला. नोकरी गेली तरी चालेल, कलम जाता कामा नये. (नोकरीचं मी घरी बोललो नाही.)

अडचण एकच होती, पाण्याची. आमचं घर कातळावर. चैत्र लागला की विहिरीत पोहऱ्याला पाण्यापेक्षा दगडच जास्त लागायचे. हिने आधीच बजावलं, "विहीर तळाला गेल्ये. आहे ते पिण्यापुरतं. झाडाला रोज कळशी मिळायची नाही, सांगून ठेवत्ये."

तेवढ्यात एका मासिकात मला उपाय सापडला. झाडाच्या मुळाशी मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, भरायचं, वर झाकण ठेवायचं आणि भोवती वाळक्या पानांचा पातेरा पसरायचा. पाणी हळूहळू झिरपतं आणि एक कळशी आठवडाभर पुरते. मी तो लेख हिला मोठ्यानं वाचून दाखवला.

"ह्या मासिकवाल्याच्या घरी रहाट कोण ओढतं?" हिने विचारलं.

अशा प्रश्नांनी डगमगणारा मी नव्हे. मी घरातली मडकी तपासायला घेतली. मडकं हवं होतं चांगलं झिरपणारं. पिण्याच्या पाण्याचं झिरपत होतं, पण त्याला हात लावला असता तर माझं जेवण बंद झालं असतं. मग पडवीच्या कोपऱ्यात एक जुनं, रिकामं मडकं दिसलं. आत थेंब नाही, आणि बाहेरून बघावं तर भर चैत्रात ओलसर! रिकामं असताना हे, तर भरल्यावर काय करील? अंगावर जरा पांढुरकी बुरशी होती, ती मी धोतराच्या सोग्यानं पुसून काढली आणि त्याच रविवारी मडकं पुरलं.

पहिल्याच आठवड्यात पानांची टोकं करपली. तहान, दुसरं काय! मी मडकं काठोकाठ भरलं. मग पानं गळायला लागली. विहिरीचं पाणी मागायची सोय नव्हती, म्हणून तांदळाचं धुवण आणलं. तेही पुरेना, तेव्हा आल्यागेल्याला हात धुवायला घंगाळ पुढे केलं आणि घंगाळामागे स्वतः उभा राहिलो. एका पाहुण्यानं चूळ अंगणात टाकली, तर त्याच्याशी मी दोन दिवस बोललो नाही. मी जितकं पाणी घाली, तितकं कलम मान टाकी. ते जितकी मान टाकी, तितका माझा निश्चय वाढे.

वैशाखात सासरे मोटारीनं आले आणि चहाही न घेता थेट कलमापाशी गेले.

"ह्याला काय झालं?"

"ऊन फार आहे यंदा."

"पाणी देता ना?"

"अहोरात्र," मी म्हणालो आणि अभिमानानं मडक्यावरचं झाकण काढून दाखवलं.

बरोबर त्याच वेळी फाटकाशी मीठवाल्याची गाडी थांबली. पावसाळ्याच्या बेगमीचं वर्षाचं मीठ घ्यायची वेळ झाली होती. ही पडवीतून ओरडली, "अहो, इथलं मिठाचं मडकं कुठं गेलं?"

मी झाकण हळूच परत ठेवलं. सासरे खाली वाकले, मडक्यालगतची चिमूटभर माती उचलली आणि जिभेला लावली.

"जावईबापू," ते शांतपणे म्हणाले, "कलम लावलंत, की लोणचं घातलंत?"

आता उपाय एकच होता. मडकं उपटायचं आणि मुळातलं मीठ गोड्या पाण्यानं धुऊन काढायचं. एखाददुसऱ्या कळशीनं भागणार नव्हतं. उन्हाळाभर हिने पोटच्या पोरासारखं जपलेलं पाणी ते, मला खरोखर लाज वाटली. मी हिच्याकडे बघितलं.

"घाला," ही म्हणाली. "बाबांनी दिलेलं झाड आहे. पण उद्यापासून प्यायचं पाणी तुम्ही आणायचं."

सासऱ्यांनी रहाट ओढला, मी कळश्या वाहिल्या. शेवटी पोहऱ्यात नुसता गाळ आला. कलम मात्र वाचलं. पंधरवड्यानं त्याला तांबूस पालवी फुटली आणि तेवढ्यासाठी मुक्काम ठोकून राहिलेल्या सासऱ्यांनी पालीला जाता जाता तिला हात लावून बघितला.

तोवर मी रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी खांद्यावर कळशी घेऊन शेजारच्या दामूअण्णांच्या विहिरीवर जात होतो. एकदा ते दात घासत बाहेर आले.

"काय हो, तुमचा तो पाणी वाचवायचा प्रयोग ऐकून आहे. कुठवर आलाय?"

"तुमच्या विहिरीपर्यंत," मी म्हणालो आणि पोहरा आत सोडला.