भूल द्यायला मी नाही येणार!

किस्से चरबीसारखेच साठतात. नकळत, आणि नको तिथे! फरक एवढाच की चरबी मशीनने ओढून काढता येते, किस्से सांगूनच काढावे लागतात. मी भूल देणारी डॉक्टर. अंबरनाथ पूर्वेला आमचं छोटं हॉस्पिटल आहे. तांबे सर लायपो करतात, म्हणजे मशीनने चरबी काढतात आणि तोवर पेशंटचा श्वास मी सांभाळते. थोडक्यात, ‘नाही’ म्हणायचं काम माझं!

* * *

उल्हासनगरच्या एका पार्लरवाल्या बाईंचा फोन आला. “मॅडम, मागची खोली रेडी केलीय. लायपो करणारा माणूस पण मिळालाय. तुम्ही फक्त भूल द्यायला या.”

मी म्हटलं, “ऑक्सिजन आहे?”

“एसी आहे ना मॅडम!”

मी गेले नाहीच, वर रीतसर तक्रार केली. पार्लर चालू आहे, मागची खोली बंद झाली. बाई आता बाजारात दिसल्या की तोंड फिरवतात. फिरवू देत!

* * *

उल्हासनगरच्याच कॅम्प एकमधले एक कापडवाले शेठ आले. “थोडा थोडा काय काढता? होलसेलमध्ये काढा ना! बार बार कौन आयेगा?”

तांबे सरांनी समजावलं, की एका वेळी जास्त काढली तर बीपी कोसळतं, जिवावर बेततं. शेठ ऐकेनात. शेवटी सर म्हणाले, “शेठ, हे पोट आहे, गोडाऊन नाही!”

“मग दुसरा डॉक्टर बघतो!”

मी म्हटलं, “जरूर बघा. फक्त त्यांना एक विचारा, ऑपरेशननंतर बीपी पडलं तर पेशंटजवळ कोण असेल?”

आठवड्याने शेठ परत हजर. “विचारलं मॅडम. बोलला, फोन कर!”

दोन टप्प्यांत केलं. आमच्याकडेच.

* * *

कुळगावचे एक काका ऑपरेशनच्या टेबलाशी येऊन उभे. मी शेवटचं विचारलं, “कुठली गोळी चालू नाही ना?”

“छे! एकही नाही.”

दारातून काकू ओरडल्या, “अहो, ती रक्त पातळ व्हायची?”

“ती केवढीशी असते! तिला काय गोळी म्हणायचं?”

मी हातातली सिरिंज खाली ठेवली. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी बंदही करता येत नाही आणि चालू ठेवून ऑपरेशन केलं तर रक्त थांबत नाही. काका भडकले. “गावाला सांगून आलोय! आता कॅन्सल?”

“काका, तुम्ही कॅन्सल होण्यापेक्षा ऑपरेशन कॅन्सल झालेलं बरं!”

* * *

चिखलोलीच्या एक रिटायर्ड पीटीच्या बाई. सगळे रिपोर्ट चोख. मुलगा मात्र फुगून बसलेला. “आई, या वयात? कोणासाठी करतेयस हे?”

“माझ्यासाठी! तुमच्यासाठी करायचं ते पोळ्या लाटून झालं.”

दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, पायात गुठळी व्हायला नको, थोडं चाला. मुलगा म्हणाला, “दुखतंय तिला, झोपू द्या.” बाई पोटाचा घट्ट पट्टा सावरत उठल्या, पॅसेजमध्ये गेल्या आणि शिट्टीच्या आवाजात ओरडल्या, “झोपलेले सगळे बाहेर या!”

हर्नियाचे दोन पेशंट खरंच बाहेर आले हो!

* * *

बदलापूरचं एक जोडपं. ऑपरेशन बायकोचं, पण बोलणार नवरा. “दोन डिलिव्हऱ्यांनंतर पोट सुटलंय हिचं. बरं नाही दिसत.” ऑपरेशन त्याच दिवशी होतं, म्हणून ती सकाळपासून उपाशी, गाऊन घालून पलंगावर बसलेली.

सही घ्यायच्या आधी मी सगळे धोके मोठ्याने सांगते. आडपडदा नाही. म्हटलं, “जंतुसंसर्ग होऊ शकतो. गुठळी फुफ्फुसात जाऊ शकते. क्वचित, पण जीवही जाऊ शकतो.”

नवऱ्याने मोबाइलमधून मान वर न काढता म्हटलं, “हां हां, चालेल. सही कुठे करायची?”

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं.

“काय चालेल?”

“अगं, फॉर्मॅलिटी असते ती!”

ती उठली. पडद्यामागे जाऊन साडी नेसून आली, पर्स खांद्याला अडकवली आणि मला म्हणाली, “मॅडम, सकाळपासून उपाशी आहे मी. इथे मिसळ कुठे चांगली मिळते?”