चिंचेनं घासलेला चाकू

आमच्या घरात शस्त्र म्हणण्यासारखी वस्तू एकच, ती म्हणजे विळी. दर खंडेनवमीला तीच धुऊन पाटावर मांडायची, शेजारी यजमानांची दौत आणि बोरू ठेवायचा आणि हळदकुंकू वाहायचं. माझे यजमान ठाण्याच्या कचेरीत कारकून होते. कारकुनाच्या घरी तलवार कुठून येणार? पण मी सतरा वर्षांची होते त्या नवमीला हे अंघोळ करून आले आणि उपरण्याच्या गाठीतून एक मिटवलेला चाकू काढून माझ्यापुढे धरला.

"साहेबांचा आहे," हे म्हणाले. "यंदा जरा शोभेचं काहीतरी असू दे पूजेला. भांड्यांबरोबर घासून लख्ख कर."

साहेबांना विचारलंत का, असं मी म्हटलं नाही. तेवढं तोंड मला तेव्हा फुटलेलं नव्हतं. कचेरीतले गोरे साहेब सुट्टीत माथेरानला गेले होते आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परत यायचे होते. चाकू त्यांच्या टेबलावरचा, पिसाच्या लेखण्या तासायचा. आदल्याच महिन्यात दौत सांडली म्हणून त्यांनी एका पट्टेवाल्याला उभ्या उभ्या काढून टाकलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी चाकू हातात आल्यावर मी हरखले, हे कबूल करते.

वस्तूच तशी होती. मिटल्यावर माझ्या तळहातात मावेल एवढी. मूठ हरणाच्या शिंगाची, खडबडीत. दोन्ही टोकांना रुप्यासारखा पत्रा असा बसवलेला की डोळे मिटून बोट फिरवलं तर शिंग कुठे संपलं ते कळू नये. नखानं पातं ओढलं की आधी ते नाही म्हणायचं, मग अर्ध्यावर क्षणभर थांबायचं आणि टक् करून सरळ व्हायचं. मिटतानाही तसंच. मी दहा वेळा उघडला, दहा वेळा मिटला. शिंग पाहून सासूबाई कुरकुरल्या, पण मृगाजिन देवाला चालतं तर शिंगानं काय घोडं मारलंय, असं ह्यांनी म्हटल्यावर गप्प बसल्या.

मग मी तो चिंच आणि राख लावून घासला. तांब्याची पळी घासतात तसा, सांध्यात काडी घालघालून. असा चकाकला म्हणता! ओलाच उघडून पाटावर ठेवला. ह्यांनी वर हळदकुंकू, अक्षता, फुलं वाहिली.

दुपारी पानं वाढताना माझी नजर गेली, तर पात्यावर काळे डाग उठले होते आणि सांध्याशी तांबूस गंज. पुसायला हात पुढे केला तोच सासूबाई ओरडल्या, "अगं, पूजेतलं हलवतेस काय? उद्या उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही!"

रीत मलाही माहीत होती. पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही. विळी पाटावर जायची म्हणून भाजीसुद्धा मी पहाटेच चिरून ठेवली होती. ह्यांनी चाकू पाहिला, पण हात ह्यांनीही लावला नाही. एवढा इंग्रजी शिकलेला माणूस, पाटासमोर नुसता उकिडवा बसून राहिला. खाडीवरची खारट, दमट हवा खिडकीतून सरळ त्या पाटावर येत होती. मी खिडकी लावली. दर थोड्या वेळानं चुलीपुढून उठून पाहायचे, आणि डाग मोठा झालेला असायचा.

दसऱ्याला उत्तरपूजा होताच ह्यांनी चाकू उचलला. तो मिटेना. "गेली नोकरी," हे म्हणाले आणि भिंतीला टेकून खाली बसले. मीच केलं होतं ते.

कल्याणला माझं माहेर. तिथे एक म्हातारा शिकलगार होता. पूर्वी तलवारींना धार लावायचा, आता कात्र्या आणि अडकित्ते. माहेरी सोनं द्यायला जातो असं सासूबाईंना सांगून आम्ही दुपारची गाडी धरली.

शिकलगारानं चाकू उजेडाकडे धरला. "रावसाहेब, कारागीर अव्वल होता. पातं आणि त्याला आवळून धरणारी ही पाठीची कमान यांच्यातून उजेड दिसतो का, बघा. खिळा कुठे ठोकलाय तोही दिसत नाही. मी खोलणार नाही. खोलला तर असा परत माझ्यानं बसणार नाही."

त्यानं सांध्यात तेल सोडलं, दोरा ओढून राख बाहेर काढली, पुन्हा तेल सोडलं. बऱ्याच वेळानं टक् असा आवाज आला तेव्हा मला रडू फुटलं. मग त्यानं पातं बारीक पुडीनं घासलं. सगळे डाग गेले, एक राहिला, पात्याच्या मुळाशी, जिथे कारागिराची मोहोर कोरली होती तिथेच.

"हा चिंचेनं खोल खाल्लाय," तो म्हणाला. "डाग काढला तर मोहोर जाईल. काय करू?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "डाग राहू दे. मोहोर गेली तर चाकू बदलला असं म्हणतील. डागाचं काय ते खरं सांगता येईल."

दुसऱ्या दिवशी हे कचेरीत गेल्यावर मी घास गिळला नाही. रस्त्यावर वहाण वाजली की वाटे, आले, नोकरी घालवून आले. संध्याकाळी आले ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊन.

"साहेबांना डाग लगेच दिसला," हे सासूबाईंना सांगू लागले. "मी म्हटलं, धार लावायला म्हणून घरी नेला होता, तर बायकोनं न विचारता भांड्यांत घासला. साहेब हसत सुटले. म्हणाले, कारकून ठीक आहे, बायको बदला!"

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. हसता हसता त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "साहेब असला तरी शहाणा आहे हो."

मला अजून मूल नव्हतं, आणि तेवढ्यावरून दुसरी बायको आणणारी घरं मी पाहिली होती. माझ्या हातात पेढा होता, आणि हे अजून हसत होते.