थोरलीच्या पोटातलं दुखणं

लाँड्रीत तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत, आणि ते तिला चालायचं. ताई मात्र तिला जगात एकच माणूस म्हणायचा, तिचा धाकटा भाऊ. त्या एका शब्दावर थोरलीने आपला सातबारा लिहून घेतला होता म्हणा ना. आई अंथरुणाला खिळली तेव्हा थोरली स्वतःच जेमतेम शाळेतून बाहेर पडली होती. तेव्हापासून धाकट्याचं दूध, दप्तर, गोवर, पडलेले दात, सगळं तिच्याच हातून गेलं. शाळेतल्या एक बाई त्याला फार आवडायच्या. घरी येऊन तो त्यांच्या अक्षराचं कौतुक करी. थोरलीने सबंध आठवडा त्या बाईंच्या नावाने नाक मुरडलं होतं. "अक्षर असेल चांगलं, पण साडीची घडी बघितलीस का?" म्हणायची.

लहानपणी सगळे त्याला मुलगी समजत. थोरलीही समजायची. कळता झाल्यावर त्याने तिला समोर बसवलं आणि सांगितलं, मी मुलगी नाही, कधीच नव्हतो. ती आधी रडली, मग चिडली, मग काही दिवसांनी न बोलता त्याच्या शर्टांच्या कॉलरी कडक करून द्यायला लागली. पुढे डॉक्टरांनी औषधं सुरू केली, आवाज जाड झाला, गालावर लव आली. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम मिळालं. हे सगळं थोरलीने निभावलं. फक्त तिची जीभ काही ताब्यात येईना. त्यातही गंमत अशी, की रागावली की तिचं सगळं अचूक यायचं. "कुठे उलथला होतास? जेवलास का?" पण माया दाटून आली की जुनी सवय वर यायची. "दमलीस का गं?" असं निघून जायचं आणि मग ती जीभ चावायची. धाकटा ताटातलं संपवून उठायचा.

मग त्याच्या बोलण्यात अक्का आली.

अक्का म्हणजे शहराच्या बसवरची कंडक्टर. उंच, खांद्याने रुंद, इंजिनावर चढणारा आवाज. तिला लोकांनी जन्मतः मुलगा ठरवलं होतं आणि आपण बाई आहोत हे पटवून देण्यात तिची अर्धी हयात गेली होती. सायकलींच्या दुकानावरच्या तिच्या खोलीत रविवारी दुपारी तिच्यासारखी, धाकट्यासारखी माणसं जमत. चहा व्हायचा, एकमेकांची टिंगल व्हायची, कुणाला भाड्याने खोली मिळत नसेल तर शोधली जायची. महिन्यातून एकदा दवाखान्यातली नर्स येऊन बसायची. ती शरीरसंबंधातून लागणाऱ्या आजारांबद्दल आडपडदा न ठेवता बोलायची, निरोध द्यायची, ज्याला हवं त्याचं रक्त तपासणीला न्यायची.

थोरलीला त्यातलं काहीच खटकलं नाही. खटकला तो 'अक्का' हा शब्द. "एक थोरली बहीण धडधाकट असताना माणसाला दुसरी कशाला लागते?" ती इस्त्रीखालच्या चादरीला विचारायची. चादर वाफेशिवाय काही बोलत नसे. घरी धाकटा म्हणायचा, "अक्का म्हणते, केस जरा बारीक ठेव, तुला शोभतील." हेच थोरलीने त्याला महिनाभर आधी सांगितलं होतं, तेव्हा त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. "अक्काने सांगितलंय, दुकानात जास्त वेळ वाकून बसू नकोस." थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा तर त्याने अक्काच्या हातच्या चहाची तारीफ केली. त्यानंतर थोरलीने चार दिवस चहात साखर मुद्दाम कमी टाकली.

त्या सुमाराला धाकट्याच्या ओटीपोटात दुखायला लागलं. तो बोलला नाही, पण काचा घासून आला की पोटाशी उशी धरून बसे. "काय झालं?" विचारलं की "गॅस." थोरलीने गरम पाण्याची पिशवी दिली आणि विषय तिथेच राहिला.

तिची लाँड्री दवाखान्याचेही कपडे धुवायची. एके सकाळी माणूस कमी होता, म्हणून डॉक्टरांच्या कोटांचा ढिगारा ढकलगाडीवर घालून तीच गेली. स्त्रीरोग विभागाच्या दारातून वळताना तिला बाकावर धाकटा दिसला. आजूबाजूला पोटुशा बायका, त्यांच्या सासवा, आणि मधोमध हा, मिशी फुटलेला, मान खाली घालून. त्याच्या शेजारी खाकी गणवेशातली अक्का. तिने त्याचा हात स्वतःच्या मांडीवर धरून ठेवला होता. ती त्याच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली आणि तो हसला. खुदकन, लहानपणी हसायचा तसा. घरी तो कितीतरी दिवसांत असा हसला नव्हता.

थोरली गाडीमागे वाकली, कोटांची घडी नीट करत असल्यासारखी. पोटदुखीने बेजार तो होता, पण खरं पोटात दुखलं ते हिच्या. तपासायला मात्र कुणी नव्हतं. तिने कोट भलत्याच खोलीत टाकले आणि मागच्या जिन्याने खाली उतरली.

घरी तिने काही विचारलं नाही. नुसती धुसफुसली. भांडी जोरात ठेवली. धाकट्याने "काय गं ताई, बरं नाही का?" म्हटलं, तर म्हणाली, "मला काय होतंय? माझ्याकडे कुणाला बघायला वेळ आहे?" शेवटी तिला राहवेना. सुट्टीच्या दिवशी ती केस विंचरून, ठेवणीतली साडी नेसून बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. दोन बस सोडून दिल्या. तिसऱ्या बसच्या दारात अक्का दिसली तशी चढली आणि कंडक्टरच्या आसनाशेजारीच बसली.

"कुठलं देऊ?" अक्काने विचारलं.

"जिथपर्यंत जाते तिथपर्यंत द्या." थोरलीने तिकीट घेतलं आणि मग म्हणाली, "मी त्याची बहीण. चष्म्याच्या दुकानातल्याची."

"ओळखलं मी. नाक सेम आहे." अक्काने घंटी वाजवली. "तुमचा विषय रोज निघतो आमच्याकडे."

काय निघतो, हे विचारायची थोरलीला भयंकर इच्छा झाली. ती गिळून तिने मुद्द्याला हात घातला. "दवाखान्यात कशाला नेलं होतं त्याला?"

"मी नेलं नाही. तो गेला. मी बरोबर होते."

"पण कशाला?"

"ते त्यालाच विचारा, ताई."

"मला ताई म्हणू नका," थोरली म्हणाली. मागचा एक म्हातारा कान देऊन ऐकायला लागला. "मी त्याला वाढवलंय. तुम्हाला सांगतो आणि मला नाही, हे कुठलं?"

अक्काने पुढच्या थांब्यावरची गर्दी आत घेतली, सगळ्यांना तिकिटं दिली, आणि मग परत येऊन आवाज खाली आणून बोलली. "हे बघा. मी पहिल्यांदा अशा तपासणीला गेले तेव्हा एकटी होते. पुरुषांच्या रांगेतून मला बायकांच्या रांगेत पाठवलं, बायकांनी पुन्हा पुरुषांच्या. नर्सने सगळ्यांसमोर माझं कागदावरचं जुनं नाव ओरडून घेतलं. मी उठून घरी आले. साधी लागण होती, चार गोळ्यांत गेली असती. वर्षभर अंगावर काढली, आणि मग तिने मला आडवं पाडलं. म्हणून आता कुणी एकटं जाणार असेल तर मी रजा टाकते. एवढंच. तुमच्या घरात घुसायला नाही येत मी."

शेवटच्या थांब्यावर थोरली उतरली आणि तशीच चालत निघाली. त्या बाईत नाव ठेवायला काहीतरी सापडेल या आशेने ती आली होती. सापडलं नाही, त्याने तिचा जळफळाट आणखीच वाढला.

संध्याकाळी तिने धाकट्याचं ताट वाढलं आणि समोर बसली. "मी तुला दवाखान्यात पाहिलं. अक्काबरोबर. आता सांग."

धाकट्याने घास खाली ठेवला. मग म्हणाला, "गर्भाशय आहे ना माझ्यात अजून. त्याच्या तोंडाशी तपासणी करावी लागते. नर्सबाई म्हणाल्या, दाढी आली म्हणून ती चुकत नाही. मी कितीतरी वर्षं टाळली. या वेळी केली, तर पेशी ठीक दिसत नाहीत म्हणाले. आता यंत्रातून मोठं करून बघणार, बारीक तुकडा काढून तपासायला पाठवणार."

"कॅन्सर?"

"अजून कुणी तसं म्हटलेलं नाही."

"आणि हे मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

"वाटलं."

"मग?"

तो चाचरला. "तू घाबरलीस की मला गं म्हणतेस, ताई. एरवी चालतं मला. खरंच चालतं. पण तिथे पाय फाकून पडलेलो असतो, वर दिवा, आजूबाजूला सगळ्या बायकांच्या तसबिरी. तिथे मी कोण आहे हे मलाच घट्ट धरून ठेवावं लागतं. त्यात तू जर म्हणालीस, घाबरू नकोस गं, तर माझ्या हातून सुटेल."

थोरली उठली आणि तिने नळ सोडला, भांडी नसताना. तिला रडू आलं होतं, पण ते कशाचं ते तिला सांगता आलं नसतं. आपल्या मायेनेच आपली जागा घालवली, आणि ती जागा एका कंडक्टरने, मायेत एकदाही न चुकता, घेतली.

त्यानंतर लाँड्रीत ती इस्त्री फिरवताना ओठ हलवायची. "घाबरू नकोस रे. दुखलं का रे? आलास का?" शेजारची घडीवाली म्हणाली, "इस्त्रीबाई, जप करायला लागलात काय?" थोरली म्हणाली, "हो, समज तसंच."

तुकडा काढायच्या दिवशी ती बरोबर गेली. त्याने नको म्हटलं नाही. बाकावर तो मधे, दोन बाजूंना दोघी, एकमेकींकडे न बघता. नर्सने दार उघडून सांगितलं, "आत बरोबर एकालाच येता येईल." थोरली अर्धी उठलीसुद्धा. धाकट्याने तिच्याकडे बघितलं, मग खाली, आणि म्हणाला, "अक्का, तू ये." आपलं घड्याळ आणि जाकीट त्याने थोरलीच्या हातात दिलं. दार लागलं.

ती ते जाकीट मांडीवर घेऊन बसली. हमालाकडे सामान देतात तसं दिलं, असं तिच्या मनात आलं. आत त्याचा हात कुणाच्या हातात असेल, ते चित्र काही डोळ्यांपुढून हलेना. समोरच्या बाकावर कुणाचा तरी नवरा बसला होता. वेळ जावा म्हणून त्याने विचारलं, "तुमचं कोण आहे आत? मुलगी?"

"भाऊ," थोरली म्हणाली.

त्याने दारावरची पाटी वाचली. मग तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा पाटीकडे. "इथे भाऊ?"

"भाऊ माझा. तपासणीला आलाय." तिने त्याच्यावरची नजर काढली नाही. त्या माणसाने वर्तमानपत्र उघडलं.

धाकटा बाहेर आला तो पांढराफटक, अक्काच्या खांद्यावर भार टाकून. थोरलीने जाकीट पुढे केलं. "दुखलं का रे?" तिने विचारलं. तो म्हणाला, "थोडं." एवढंच. पण अक्काने भुवया उंचावून तिच्याकडे बघितलं. ते बघणं थोरलीला मुळीच आवडलं नाही. परीक्षा घेतल्यासारखं वाटलं.

निकाल बरा आला. पेशींत फरक होता, पण धोक्याचा नव्हता. वर्षाने परत दाखवा, म्हणाले. पोटदुखी निराळीच निघाली, मूत्रमार्गाची, ती औषधाने गेली.

पुढच्या रविवारपासून थोरली सायकलींच्या दुकानावरच्या खोलीत जायला लागली. चांगुलपणाने नव्हे, नजर ठेवायला. पहिल्याच दिवशी तिने पडदे चुरगळलेले बघितले आणि मनातून सुखावली. चहा मात्र खरंच चांगला होता. तिथे एक शिवणकाम करणारी होती, गावात नवी, अक्कासारखीच. अंगावर चट्टे उठले होते, रक्त तपासायला घाबरत होती, आणि अक्काला त्या दिवशी रजा मिळत नव्हती. थोरली पटकन म्हणाली, "मी नेते. माझं दवाखान्यात रोजचं जाणं-येणं आहे." तिने नेलं, रांगेत धरून ठेवलं, सुया टोचताना शेजारी उभी राहिली. लागण निघाली, उपचार झाले, चट्टे गेले. शिवणवाली तिला ताई म्हणायला लागली आणि एकदा उशीचे अभ्रे शिवून घेऊन घरी आली. ती गेल्यावर धाकट्याने अभ्रे उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाला, "ही तुला ताई का म्हणते?" थोरलीला त्या दिवशी चार घास जास्त गेले.

वर्षाने तपासणीची वेळ आली. दोघी हजर. बाकावर आधी तुम्ही सरका, नाही तुम्ही सरका, यावरून जरा बोलाचाली झाली. नर्सने दार उघडून विचारलं, "बरोबर कोण येणार?"

धाकट्याने दोघींकडे बघितलं. "कुणी नको," तो म्हणाला. "मी जाऊन येतो." आणि शर्टाच्या बाह्या सारख्या करत तो एकटाच आत गेला.

दोघी उभ्याच बंद दाराकडे बघत राहिल्या. अक्काच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोरलीच्या ओळखीचं दुखणं दिसलं. थोरलीने ते नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "बसा. वेळ लागेल त्याला."